थंडी लांबली तर

दादूस,

हे पत्र टाकायला तुझा पत्ता नाही, तरी लिहिते. पनवेलला यंदा कधी नव्हे ती थंडी पडली आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये बोटं इतकी आखडतात की पेन धरवत नाही. म्हणून तुझा स्वेटर घालून जाते. बाह्या लोंबतात, डिझेलचा वास येतो, मुली हसतात. हसू देत. मी तो धुणार नाही.

दिवाळीनंतर गेलेली तुझी बोट परतलीच नाही. आई नको नको म्हणत होती, तरी तुझं तेरावं उरकलं, कपडे वाटून टाकले. स्वेटर तेवढा मी अंगातून काढला नाही. बाबा म्हणाले, "गेलेल्याचं कपरं घरान ठेवत नाय, समू."

मी म्हटलं, "थंडी हाय ना, बाबा. पेपर होऊ दे."

आज शेवटचा पेपर झाला. बाहेर कडक ऊन होतं, मी घामाघूम झाले होते. तरी घरात शिरताना मुद्दाम दात वाजवले. बाबांनी माझ्या कपाळावरचा घाम पाहिला. मग उठून त्यांनी खिडकी लावून घेतली आणि म्हणाले, "यंदा थंडी लांबनार दिसतंय."

तुझी, अजून कुडकुडणारी,
समू