तुझा आवाज फाटत नव्हता

वल्लरी,

मी सकाळच्या बसने पानिपतला जातोय. वरण-भात केलाय, गरम करून घे.

आपला जुना, आत काचेची नळी असलेला व्हॉल्व्हचा माइक कुणाला तरी देऊन टाकावा म्हणून काल तपासला. हेडफोन लावून सहज खर्जात गुणगुणलो, तर याच माइकवर केलेल्या तुझ्या ऑडिशनच्या टेपवर फाटलाय तस्साच माझाही आवाज फाटला. केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला, फरक नाही. शेवटी कपाटात पडून असलेला दुसरा व्हॉल्व्ह बसवला आणि आवाज एकदम स्वच्छ झाला.

म्हणजे दोष तुझ्या गळ्यात नव्हताच. तीस वर्षं रेकॉर्डिंग केलेल्या माणसाने आधी माइक बघायला हवा होता. मी तुलाच म्हणालो, "गाणं तुला जमायचं नाही." त्यानंतर तू गायलीच नाहीस. गुडगावला नोकरी धरलीस, आणि गेल्या महिन्यात तानपुराही पानिपतच्या तुझ्या मैत्रिणीला, रसिकाला, देऊन टाकलास. तोच परत मागायला चाललोय. ती नाही म्हणाली तर तिचंही काही चुकलं नाही.

तुला उठवून हे सांगणार होतो. दारापाशी उभाही राहिलो. पण तू विचारलं असतंस, "बाबा, आता काय उपयोग?" म्हणून ही चिठ्ठी ठेवून निघालोय.

— बाबा