कार्डांवरचं अक्षर

४ जून, बुधवार

डोळे चुरचुरताहेत, पण दिवस वसूल! साबणवाल्यांना वेष्टणावर ‘जुन्या वळणाचं’ अक्षर हवंय, म्हणून अभिलेखागारात जाऊन बसले. काड्यापेट्यांची लेबलं, बियाण्यांची पाकिटं, औषधाच्या बाटल्यांवरचे कागद. खोकल्याच्या एका औषधावर बगळा — त्याची मान वर जाऊन ‘खो’ची मात्राच झालेली! काढणाऱ्याचं नाव कुठंच नाही. मनातल्या मनात दंडवत घातला.

५ जून

तासभर बगळा गिरवला. माझी मात्रा मात्राच राहते, मान होत नाही.

९ जून, सोमवार

आज लेबलं बाजूलाच राहिली. खोकी आणून देणारे काका बोळातल्या कपाटाकडे हात करून म्हणाले, “आता यादी संगणकावर आलीय. हे धूड महिनाअखेर रद्दीत.” सहज एक खण ओढला आणि — हजारो कार्डं! सगळी हातानं लिहिलेली, निळ्या शाईत, एकाच हाताची. ‘बियाणे, पाकिटे, खोके २१२’. मजकूर एवढाच, पण काय अक्षर! शिरोरेघ कुठं ओढूनताणून आणलेली नाही. ‘ध’ तर मांडी घालून निवांत बसलेला. आणि खोक्यात काय आहे ते चटकन कळावं म्हणून कोपऱ्यात नखाएवढं चित्र — कुलूप, पान, चिमणी. लेबलं शोधायला आले आणि लेबलांच्या यादीवर जीव जडला!

“कुणी लिहिलीत हो?”

“आमच्या बाईंनी. एकतीस वर्षं. दोन वर्षांमागं निवृत्त झाल्या.”

तिथल्या साहेबांकडे कार्डांचे फोटो काढायची परवानगी मागितली. “काढा की. रद्दीला कसली परवानगी?” — रद्दी!

१२ जून

बाईंच्या घरी जाऊन आले. दार त्यांच्या धाकट्या बहिणीनं उघडलं. उंबऱ्यातच हळूच म्हणाली, “ताईचा उजवा हात गेलाय. गेल्या वर्षी झटका आला.”

मला तिथूनच परतावंसं वाटलं. पण आतून आवाज आला, “कोण आहे?”

खिडकीशी खुर्चीत ताठ बसलेल्या. हात मांडीवर, ठेवल्यासारखा. मी घाईघाईनं सांगून टाकलं — तुमच्या अक्षराचा फॉन्ट करायचाय, म्हणजे संगणकावर बटण दाबलं की तुमचं अक्षर उमटेल.

“माझं अक्षर गेलं,” बाई म्हणाल्या. “गेलेल्याचं कौतुक करायला लोक येतात, तशा आलात.”

मी म्हटलं, “नको म्हणालात तर नाही करणार.”

डाव्या हातानं त्यांनी उजवा हात मांडीवर नीट ठेवला. “करा. पण मला दाखवायला आणू नका.”

जिन्यापर्यंत बहीण सोडायला आली. “मनाला लावून घेऊ नका. बँकेत तिला सहीच्या जागी अंगठा लावायला सांगितला. त्या दिवसापासून घराबाहेर पाऊल नाही.”

ते अक्षर, आणि अंगठा!

२० जून

‘क्ष’ कुठंच मिळेना. चार खण उपसले. शेवटी ‘लाकडी नक्षीकाम, ठसे’ या कार्डावर सापडला. बोळातच “मिळाला!” म्हणून ओरडले. काकांना वाटलं, उंदीर.

२३ जून

ठ, ढ, द — पोटं सारखीच वाटतात, पण एकावर एक ठेवून बघितली तर तिन्ही वेगळी. ‘द’ची शेपटी किंचित आखूड, खालच्या ओळीला लागू नये म्हणून. एकतीस वर्षं ही काळजी! मी तर चार दिवसांत कंटाळून सगळ्यांना एकच पोट दिलं असतं.

१ जुलै

फॉन्ट झाला. बाईंच्या बहिणीच्या लॅपटॉपमध्ये घालून दिला, ती चालवते त्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन. कसं वापरायचं तेही दाखवलं. शब्द मोडला का? बाईंना दाखवायला तर नेला नाही! ...मोडलाच.

१४ जुलै

साबणाचं वेष्टण पसंत! बाईंचं अक्षर त्यात घातलं नाही. ते साबणावर विकायला मन धजेना. औषधाच्या लेबलांवरून नवंच वळण काढलं.

बाईंकडून काहीच नाही. चिडल्या असणार. फोन करायला उचलते, ठेवून देते.

२६ जुलै, शनिवार

टपालानं पाकीट आलं. पत्ता निळ्या अक्षरात, ‘ध’ मांडी घालून बसलेला — क्षणभर वाटलं, एखादं जुनं पत्र वाट चुकून आज पोचलं. आत कागद:

“एका बोटानं एवढं लिहायला दोन दिवस लागले. निवृत्त झाले तेव्हा अठरा खोक्यांची कार्डं करायची राहिली होती. अभिलेखागाराला अर्ज केला, माझ्या अक्षरात. हो म्हणालेत, कपाटही रद्दीत न घालता ठेवलंय. सोमवारपासून जाते. कार्डं कापायला दुसरा हात लागेल. दहाला या. उशीर मला चालत नाही.”