वाणात पेन

१२ जाने., सोम.
कंपनीच्या अंतर्गत समितीची अध्यक्ष झाले! कामावर बायकांना कुणी त्रास दिला, तर तक्रार आमच्याकडे. क्वालिटीत वीस वर्षं पार्ट नाकारले, आता माणसं तपासायची. ह्यांना सांगितलं, या समितीच्या कायद्यामागं, बायकांवरचा भेदभाव मिटवायला देशादेशांनी केलेला सीडॉ करार आहे. हसले. "तिकडं सह्या केल्या की इकडं चिकलठाण्यात कुणाचा हात थांबतो व्हय?" राग आला. सगळा भाकरीवर निघाला.

१५ जाने., गुरु.
जेवणाच्या सुट्टीत बायकांना करार वाचून दाखवला. अख्खा! पाचव्या कलमाला निम्म्या पेंगल्या. चूक माझीच.
नंतर डबा धुताना पॅकिंगमधली रेखा म्हणाली, "ताई, दिवाळीनंतर शिफ्टच्या साहेबानं स्टोअरमधी माझा हात धरला. लई जोर केला तवा सुटले."
तारीख २८ ऑक्टो. तक्रारीची मुदत तीन महिने.
"लिहून दे."
"नाय ताई. लिहिलं की बोभाटा."


२० जाने., मंगळ.
कँटीनमध्ये हळदीकुंकू. कुंकू ज्या लावतात त्यांना, वाण सगळ्यांना. यंदा डब्या नाहीत, पेन लुटले, तक्रारीच्या कोऱ्या नमुन्यात गुंडाळून. काय हसल्या! तेच साहेब डोकावले, तिळगूळ मागितला. दिला. 'गोड बोला' काही म्हटलं नाही. रेखा बघत होती.

२२ जाने., गुरु.
पेन सगळे पोरांच्या दप्तरात गेले म्हणे. एकीनं तर नमुन्यात लाडू बांधले. धन्य! सहा दिवस उरले.

२७ जाने., मंगळ.
रेखा आली! लेकीच्या दप्तरातून पेन परत काढून. दोन पानं लिहिली, जोडाक्षर अडलं की मला विचारून. त्या दिवशी तिला रडत बाहेर येताना पाहिलेल्या दोघी साक्षीला तयार. सहीपाशी मात्र थांबली. 
"ताई, त्या मोठ्या करारावर सह्या कुणाच्या हायत?"
"देशांच्या. आपल्याही."
"मंग त्याच्याखाली ही माझी."
आणि केली, चांगली ठसठशीत! इतका आनंद पोरगी दहावी झाली तेव्हाच झाला होता. घरी ह्यांना काही सांगता येत नाही, गुपित ठेवायचा नियम. नुसतं गुणगुणत स्वयंपाक केला. "काय झालंय काय?" म्हणून ह्यांनी तीनदा विचारलं.
उद्या साहेबांच्या हातात तक्रारीची प्रत पडेल.