बुटकीचा बर्थ

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मिळालं. सोबतचे दोन होड्यांचे नकाशेही. पंधरा वर्षांनी बाप लेकीला पत्र लिहितो आणि विचारतो काय, तर कुठली होडी घेऊ! एकीच्या केबिनमध्ये ताठ उभं राहता येतं, पण गाडीला ती ओढवायची नाही. दुसरी हलकी, उथळ पाण्यातही चालणारी, पण आत वाकूनच वावरायचं. ‘बुटकी, तू म्हणशील ती घेऊ, तिघांना पुरेल,’ असं लिहिलंय तुम्ही. तिघं म्हणजे कोण, हे विचारायचं धाडस मी करत नाही.

हा खेळ जुनाच. गॅरेजच्या फरशीवर तुम्ही खडूने खऱ्या मापाची होडी काढायचात आणि आम्हा दोघींना आत झोपवून बघायचात. दर रविवारी नवी होडी. शेगडीची जागा नेमकी आईच्या बर्थमध्ये यायची, मग ती बिचारी पाय पोटाशी घेऊन पडायची. मला तर वाटायचं, आपण निघालोच.

मग होडीच्या आधी ती गाडीमागे ओढून न्यायचा ट्रेलर आला. बाजारात तुरी, म्हणून आई किती हसली होती! त्याच ट्रेलरवर कपाट, खुर्ची, पुस्तकं बांधून तुम्ही निघून गेलात. दोरीचं टोक मी धरलं होतं, तुम्ही ‘धर’ म्हणालात म्हणून. मला वाटलं, होडी आणायला चाललात. त्याचा राग अजून जात नाही.

आईने सहा महिने त्या रेघा जपून केर काढला. मग एका सकाळी बादली घेऊन बसली आणि फरशी घासून काढली. तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. म्हणाली, आता मी पाय पसरून झोपते.

उत्तर देणारच नव्हते. पण काल ती हलकी होडी फरशीवर खडूने उतरवली. हसू नका, सवय तुमचीच. नकाशात माझ्या बर्थवर तुमच्या अक्षरात लिहिलंय, ‘बुटकी, चार फूट आठ इंच’. आडवी झाले, तर पाय रेघेच्या बाहेर. बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी बारा वर्षांची होते. आता सत्तावीस, पाच फूट सात इंच. एकदा विचारायचं तरी होतं. होडी कुठलीही घ्या. तिच्यात मी मावत नाही, एवढंच कळवायचं होतं.

तुमचीच, त्याबद्दल तक्रार नाही,
एके काळची बुटकी