आठ रेफरन्स

दापोडी, गुरुवार

तीर्थस्वरूप उद्धवराव दाजींना धाकटा मेहुणा रंगराव याचा साष्टांग नमस्कार (गुडघा वळेल तितकाच). इकडे सगळं ठीक. तुमच्या कानाच्या मशीनचं काय झालं? सुमनताई म्हणते, तुम्ही ते जेवताना काढून ठेवता. ती बोलायला लागली की काढता, हे मी तिला सांगितलेलं नाही. फोनवर अर्धं तुम्हाला ऐकू येत नाही आणि सगळं सुमनताईला ऐकू येतं, म्हणून पत्र लिहितोय. एकटे असाल तेव्हा वाचा.

विषय आमच्या वर्षालीचा. ताथवड्याच्या कॉलेजात तिला यंदा संशोधन-लेखन म्हणून नवाच विषय लावलाय. प्रत्येक तुकडीला एक सूत्र देतात आणि सहा महिने पोरांनी त्यावरच शोधायचं, वाचायचं, लिहायचं. शेजारच्या तुकडीला 'पाणी' मिळालं, हिच्या तुकडीला 'आवाज'. बाकीच्यांनी डीजे, हॉर्न असलं काहीबाही घेतलं. आमच्या बाईसाहेबांनी घेतला आपल्या जुन्या कंपनीचा भोंगा! माझी छाती फुगली. आपण त्या भोंग्यावर उठलो, जेवलो, पोरं शाळेत पाठवली. (माझ्या लग्नात अक्षता पडायच्या वेळेला दुसऱ्या शिफ्टचा भोंगा झाला आणि अर्धे वऱ्हाडी सवयीनं दाराकडे निघाले, ते तुम्हीच अडवले होते.) आता कंपनीही नाही आणि भोंगाही नाही. तेव्हा पोरीला म्हटलं, लागेल ती मदत माग.

मागच्या आठवड्यात सोमवारी कॉलेजातून तिचा फोन. म्हणाली, बाबा, आज उशीर होईल, अजून आठ रेफरन्स लागतायत. नाही मिळाले तर पेपर परत येईल, आणि यात नापास झालं की पुढच्या वर्षी इंटर्नशिपला बसू देत नाहीत. आता दाजी, आपल्या पट्ट्यात रेफरन्स म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. चाकणला नोकरी मागायला कुठल्याही कंपनीच्या गेटवर जा, वॉचमनसुद्धा आधी विचारतो, रेफरन्स कुणाचा? मला वाटलं, पूर्वी एकावर भागायचं, आता चढाओढ वाढली, म्हणून आठ लागत असतील. स्कूटर काढली आणि दोन दिवसांत दापोडी ते चाकण पालथं घातलं. गॅरेजवाला रियाज, तुमच्या खात्यातला निरंजन (आता लेबर कॉन्ट्रॅक्टर झालाय, शर्टाची बटणं लागत नाहीत), कँटीनच्या स्वरूपाबाई, असे सात जण तयार केले. आठवे तुम्ही. तुम्हाला न विचारता घातलं, पण घरचं माणूस नाही म्हणणार नाही हे धरून चाललो. नाव, हुद्दा, मोबाइल नंबर आणि प्रत्येकापुढे शेरा : 'मुलीस लहानपणापासून ओळखतात.' तिच्या फाईलमध्ये शेवटी 'संदर्भ' लिहिलेलं पान होतं, त्यावर जेमतेम तीन पुस्तकांची नावं. संदर्भ म्हणजे रेफरन्स, एवढं मलाही कळतं. कागद तिथंच पिन मारून लावला. तिला काही बोललो नाही, म्हटलं खूश होईल. ती घाईत तशीच फाईल देऊन आली.

त्यांच्या मिनल मॅडमनी ते पान वर्गात वाचलं आणि तिथूनच पहिल्या नंबरला फोन लावला. रियाजला मी पढवून ठेवलेलंच होतं. तो म्हणाला, "मॅडम, पोरगी एकदम सोनं हाय. डोळे झाकून घेऊन टाका कामावर." सगळा वर्ग हसला. मॅडमनी मग विचारलं, ते झालंच, पण भोंग्याबद्दल काही सांगता का? त्यावर रियाजनं पाना खाली ठेवला आणि पाऊण तास बोलत राहिला.

रेफरन्स म्हणजे पुस्तकं आणि लेख, हे मला त्या संध्याकाळी कळलं. पोरीनं घरी येऊन फाईल माझ्यापुढे आपटली. आपल्या अडाणीपणामुळे तिची चारचौघांत शोभा झाली, याचं फार वाईट वाटलं. पण मॅडम भल्या निघाल्या. त्यांचं म्हणणं, ही माणसं कुठल्याच पुस्तकात नाहीत, तेव्हा आठही जणांच्या रीतसर मुलाखती घे, पेपर स्वीकारते. सात झाल्या. सकाळचा भोंगा रियाज पावणेसातला सांगतो, निरंजन साडेसहाला आणि स्वरूपाबाई छातीठोकपणे सातला. मॅडम म्हणतात, यालाच संशोधन म्हणतात. (आपल्या खात्यात याला मेमो म्हणायचे.) आठवी तुमची. वर्षाली रविवारी तळेगावला येतेय. मशीन कानात घालून बसा, ही विनंती. सुमनताईस नमस्कार, तुमच्या गुलाबांना पाणी कमी घाला.

आपला,
रंगराव

ता. क. खरं काम पुढे आहे. तिच्या यादीत चौथा प्रश्न आहे, 'बाबा कंपनीत कसे लागले?' साडेचारशे पोरांतून एकटा निवडला गेलो, असं मी तिला लहानपणापासून सांगत आलोय. तिला मार्क कमी पडले की हमखास. फिटरच्या परीक्षेत मी नापास झालो होतो आणि तुम्ही फोरमनच्या घरी तीन खेटे घातले होते, हे तिला माहीत नाही. माहीत होऊ देऊ नका. तुमच्या पाया पडतो.

ता. क. दुसरा. पाकिटावर तुमचा पिनकोड घालायला पत्र वर्षालीकडे दिलं. तिनं पिनकोड सोडून सगळं वाचलं. मी मान खाली घालून बसलो. ती हसली नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, मग मामांचे आभार मानलेत का कधी?" दाजी, गोष्ट लपवायच्या नादात छत्तीस वर्षांत ते राहूनच गेलं. (आत्याच्या यजमानांना मामा म्हणायचा लहानपणचा हट्ट तिनं अजून सोडलेला नाही.) तेव्हा रविवारी मीही येतोय. ती विचारेल ते खरं सांगा. मला जे बोलायचंय ते मी तुमच्या उजव्या कानाशी बोलेन, तो बरा आहे ना?