कोजोचा गुडघा

पुणे छावणी, ता. ५ फेब्रुवारी १९४६

तीर्थरूप नानासो काकांच्या चरणी लालासाहेबाचा शि. सा. न. वि. वि.

जत्रेला येतो आहे आणि सोबत पाहुणा आणतो आहे. नाव कोजो. आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टचा शिपाई, ब्रह्मदेशाच्या लढाईत ओळख झाली. आता आमच्याच छावणीत परतीच्या बोटीची वाट बघतोय. वय विशीच्या आसपास. लढाईआधी आक्रा नावाच्या त्यांच्या शहरात फुटबॉलच्या एका लहान संघात पुढच्या फळीत खेळायला लागला होता. एक हंगाम झाला आणि भरती आली. चेंडू घेऊन तो सुटला की भले भले मागे राहतात, काका.

त्याच्या पलटणीचा कप्तान आक्र्यातला एक मोठा संघ चालवतो. जत्रेनंतरच्या रविवारी इथं सामना आहे, तो बघून कप्तान ठरवणार. घेतलं तर कोजो खेळाडू झाला, नाहीतर बापाबरोबर कोकोच्या मळ्यात राबायचं. म्हणून हात जोडून सांगतो, त्याचे खांदे बघून कुणी त्याला आखाड्यात ओढू नये. कुणी म्हणजे कोण, ते तुम्हाला कळलंच असेल.

काकूंस नमस्कार. आगाऊपणाबद्दल रागवावं, पण माया पातळ करू नये.

आपला,
लालासाहेब


मु. कराडनजीक, ता. ९ फेब्रुवारी १९४६

चि. लालासाहेब यास नानासोचे अनेक आशीर्वाद.

पाहुण्याला खुशाल आण. पण सुभेदार म्हणून पेन्शनीत निघालेल्या माणसाला हवालदारानं हुकूम सोडावेत, हे नवीनच. एका चेंडूमागे बावीस बाप्ये धावतात आणि हात लावायची चोरी, असला खेळ मी पलटणीतही लांबून बघितला आणि वाट बदलली. तरी तुझा शब्द मोडत नाही. जत्रेच्या मैदानात यंदाही मीच पंच आहे. त्याला माझ्याशेजारी बसवीन.

तुझी काकू त्याला आतापासूनच कोंडिबा म्हणते. तिखट चालतं का, एवढं कळव. प्रकृतीस जपावं आणि थोरांना शिकवणं कमी करावं.

नानासो


पुणे छावणी, ता. १९ फेब्रुवारी १९४६

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

काय लिहू? एका दुपारपुरता मी सासुरवाडीला गेलो आणि तेवढ्यात तुम्ही डाव साधलात. कोजो सांगतो, काकांनी सगळ्या गावासमोर माझ्या हातावर लाल माती ठेवली, वडीलधाऱ्यानं दिलेलं आमच्याकडे नाकारत नाहीत, म्हणून मी दोन्ही हातांनी घेतली आणि वाकून नमस्कार केला. त्याला तो प्रसाद वाटला! आपल्या मैदानात हातावर माती घेतली की कुस्ती कबूल, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? हलगी वाजली आणि विट्याच्या भाऊसो पैलवानानं त्याच्या पायाला मिठी घातली, तरी हा हसतच उभा होता म्हणे.

उजवा गुडघा सुजून टम्म झालाय. सामना रविवारी. वर मलाच म्हणतो, काकांना बोलू नकोस, त्यांनी मान दिला. मी मात्र बोलणार. तुम्ही एका पोराचं नशीब उधळलंत, काका.

आज लोभाचं काही लिहवत नाही. नमस्कार तेवढा घ्यावा.

लालासाहेब


मु. कराडनजीक, ता. २२ फेब्रुवारी १९४६

चि. लालासाहेब यास आशीर्वाद.

पाहुण्याला गावात ठेवून बायकोच्या माहेरी पळणाऱ्यानं मला ज्ञान सांगू नये. चारी बाजूंनी लोक ओरडत होते, आवं सुभेदार, असला गडी घरी आलाय आन नुस्ताच बसवलाय व्हय? माझा हात मातीत गेला. त्याला पुसायचं मला सुचलं नाही. मला वाटलं, मातीचा अर्थ साऱ्या जगाला ठाऊक असतो.

तुझी काकू बोलत नाही. हाडं बसवणाऱ्या राहीबाईनं गुडघ्याला बांधलेला लेप पोरानं दात खाऊन सोसला, ते तिनं बघितलंय. मीही बघितलंय. रविवारी पुण्याला येतो. कप्तानाला माझ्या तोंडानं सांगतो. अडवू नकोस.

नानासो


पुणे छावणी, ता. २ मार्च १९४६

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

त्या दिवशी तुमच्यापुढे मी हात टेकले. सामना चालू असताना छातीवर बिल्ले लावून कप्तानसाहेबाच्या खुर्चीपुढे सलाम ठोकून उभं राहायचं, ही कुठली रीत? साहेबाला गोल दिसेना, तुमचा फेटा दिसे! नाहीतरी दिसण्यासारखं काही नव्हतं. कोजो लंगडत होता, चेंडू त्याच्या समोरून निघून जात होता आणि आपण हरलो.

तुमची गाडी सुटल्यावर साहेबानं मला बोलावलं. तो म्हातारा काय म्हणत होता, ते नीट सांग म्हणाला. मी सांगितलं, चूक माझी आहे, शिक्षा पोराला नको, असं ते म्हणत होते. कोजो त्यांचा कोण लागतो, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, पुतण्या. साहेब हसला नाही. कोजोला त्यानं आपल्या बोटीवर घेतलं. गुडघा बरा झाल्यावर आक्र्याच्या मैदानावर पुन्हा बघीन म्हणाला. काल बोट सुटली.

आता भांडण पुरे. पूर्वीसारखं रागवत जावं.

लालासाहेब


मु. कराडनजीक, ता. १४ मे १९४६

चि. लालासाहेब यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं कोजोचं इंग्रजी पत्र शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतलं. कप्तानानं त्याला संघात घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्यानं गोल केला, हे ऐकून तुझ्या काकूनं गल्लीभर गूळ वाटला. आता जो तो मला विचारतो, सुभेदार, तुमी बघितलाय न्हवं त्याचा खेळ, पळतो कसा सांगा की. नुसता वैताग आणलाय.

काय सांगू त्यांना? मी बघितलं तेव्हा तो लंगडत होता.

नानासो