मागच्या स्टुलावरचा प्रवासी

तीर्थस्वरूप बाबा यांना थोरल्या जावयाचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायचा तर कंबर परवानगी देत नाही, तेव्हा पत्रातला हाच पूर्ण लांबीचा धरावा.) आपला गुडघा कसा आहे? रक्तदाब? आईंची पाठ? आणि मुख्य म्हणजे आपला कान कसा आहे? यंत्र नियमित लावता ना? गेल्या शनिवारी दुपारी ते लावलं होतं का, हे जरा आठवून ठेवावं. कशासाठी, ते पुढे येईलच. हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण आमचं घर लहान, आणि आपल्याशी फोनवर बोलायचं म्हणजे शेजारच्या इमारतीलाही गप्पांत सामील करून घ्यावं लागतं. शिवाय सध्या या घरात मी आणि आपली कन्या सोडून तिसरं कोणी नाही, आणि आपली कन्या माझ्याशी बोलत नाही.

याला कारण आपले धाकटे जावई. माझ्या पोटात दुखतं असा कोणाचा समज असेल तर तो आधी दूर करतो. मला त्यांचा हेवा वाटत नाही. हेवा वाटावा असं समोरच्याकडे काहीतरी असावं लागतं. यांच्याकडे काय आहे? एक चष्म्याचं दुकान, स्वतःच्या नाकावर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचा, आणि मागच्या खोलीत प्लायवुडचं विमान. (त्याला गेम म्हणायचं नाही, सिम्युलेटर म्हणायचं. मी एकदा गेम म्हणालो तर त्यांनी चष्मा काढून हळूहळू पुसला, आणि मी मयताला जाऊन हसलो आहे अशा नजरेने सगळे माझ्याकडे बघायला लागले.) जुन्या जमान्यातलं, चार पंख्यांचं प्रवासी विमान आहे म्हणे. त्यातून ते पृथ्वीप्रदक्षिणा करतात. दर शनिवारी एक टप्पा, आणि खऱ्या विमानाला जितके तास लागले असते तितकेच तास खुर्चीत. वेळ पुढे ढकलायची सोय त्या यंत्रात आहे, पण कॅप्टन (हो, आता दूधवालासुद्धा त्यांना कॅप्टनच म्हणतो) ती वापरत नाहीत. विमान पडलं तर पहिल्या विमानतळापासून पुन्हा सुरुवात, हाही त्यांचाच नियम. त्या काळच्या वैमानिकांना मरून परत उठायची सवलत नव्हती, असं ते म्हणतात, आणि आपल्या दोन्ही मुली माना डोलावतात.

हे आपल्याला सांगायला नकोच, कारण प्रत्येक उड्डाणाला कंट्रोल टॉवर म्हणून फोनवर आपणच असता. आपण ते काम उत्तम करता. कोणी काही विचारायच्या आत ‘या, उतरा, रस्ता मोकळा आहे’ असं आपण सांगून टाकता, त्यामुळे खोळंबा म्हणून होत नाही. पण तिकडे बसून आपल्याला त्या खोलीतली आसनव्यवस्था दिसत नाही. डाव्या खुर्चीत कॅप्टन. हवाईसुंदरी म्हणून धाकटी, चहा-बिस्किटांचा ट्रे घेऊन, आणि तोल जातोय असं दाखवत. (मागची खोली ती, तिथे कसला तोल जातो?) दारापाशी, प्लॅस्टिकच्या स्टुलावर, प्रवासी म्हणून मी. एकटाच प्रवासी. एवढं चार पंख्यांचं विमान माझ्या एकट्यावर चालतं, पण खिडकीची जागा मागितली तर ‘दादा, त्या बाजूला प्रिंटर आहे’ असं उत्तर मिळतं. आणि उजव्या खुर्चीत, सहवैमानिक म्हणून, माझी बायको.

आता ही उजव्या खुर्चीत कशी गेली? तर पायांमुळे. इतकी वर्षं शिलाई मशीन चालवल्याने हिच्या पायांना जी समज आली आहे, ती कॅप्टनच्या डोक्यालाही नाही. विमान जमिनीवरून धावायला लागलं की ते एका बाजूला ओढ घेतं, आणि पायाखालच्या पट्ट्या दाबून त्याला सरळ ठेवावं लागतं. कॅप्टन ते दर वेळी गवतात घालायचे. एकदा सहज म्हणून हिने पाय ठेवला, आणि विमान पडद्याची पट्टी मारल्यासारखं सरळ निघालं. झालं. तेव्हापासून ‘वहिनींचे पाय म्हणजे सोनं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता माझे स्वतःचे पाय मला टोचायला लागले आहेत. पुढे हिने कॅप्टनला गणवेश शिवला. खांद्यावर सोनेरी पट्ट्या, खिशावर पंख. गिऱ्हाइकांचे कपडे टांगून ठेवले आणि आधी तो शिवला. माझ्या निळ्या शर्टाचं मधलं बटण तुटून किती दिवस झाले, हे मी आपल्याला सांगत नाही, कारण मला तक्रार करायची नाही. पोटावर वारा लागतो एवढंच.

बाबा, एक गोष्ट मात्र मनाला लागली आहे, ती मोठ्यांजवळ नाही बोलायची तर कोणाजवळ? लग्नाच्या बोलण्यांत मी आपल्याला शब्द दिला होता, की मुलीला एकदा तरी विमानात बसवीन. आपण तेव्हा हसला होतात. मी लिफ्टचा मिस्त्री. माझा सगळा प्रवास खालून वर आणि वरून खाली, पुढे म्हणून जाणं नाही. दर वर्षी काहीतरी निघत गेलं. कधी छत गळायला लागलं, कधी माझी कंबर, कधी कोणाच्या तरी इमारतीची लिफ्ट नेमकी सुट्टीच्या दिवशी अडकली. ही कधी एका शब्दाने बोलली नाही. आणि आता हा चष्मेवाला उठतो आणि मागच्या खोलीत बसल्या बसल्या माझ्या बायकोला वाळवंटं दाखवतो, बर्फाचे डोंगर दाखवतो! ती घरी आल्यावर ढगांबद्दल बोलते. जेवताना मी आमटी मागितली तर ‘थांबा, उंची कमी होऊ दे’ म्हणते. असं बोलताना तिचा चेहरा जो दिसतो, तो मी लग्नाच्या पहिल्या वर्षात पाहिला होता, आणि तेव्हा ती माझ्याकडे बघून बोलत असे. याला हेवा म्हणत असतील तर म्हणोत.

तर गेला शनिवार. सगळ्यात मोठा समुद्र ओलांडायचा होता. त्याच्या मधोमध एक चिमुकलं बेट, धावपट्टी पाण्यात सुरू होऊन पाण्यातच संपणारी, आणि तिथे विमान उतरवणार होती आपली कन्या. एकटी. कॅप्टन हाताची घडी घालून बसणार होते. आठवडाभर ही मशीनवर बसून, डोळे मिटून, पायांनी सराव करत होती. (एका गिऱ्हाइकाच्या बाह्या त्यात उलट्या लागल्या.) सकाळपासून आम्ही समुद्रावर. खाली निळं, वर निळं, मध्ये मी स्टुलावर. बेट दिसायला लागलं, ही ताठ बसली, आपण फोनवर रस्ता मोकळा केलात, आणि तेवढ्यात तिसऱ्या इंजिनाच्या तेलाचा दिवा मिचमिचायला लागला. इंजिनाला काही झालं नव्हतं, दिव्याची वायर सैल होती. तेव्हा कॅप्टन पहिल्यांदा मागे वळले आणि म्हणाले, ‘दादा, जरा बघता का?’

इतक्या महिन्यांत मला कॉकपिटात बोलावलं ते हे पहिल्यांदा. मी हत्यारांची पिशवी उघडली. आता आमच्या धंद्याचे नियम आपण जाणता. पेचकस लावण्याआधी मेन स्विच बंद. आणि मेन बंद करण्याआधी मोठ्याने ओरडायचं, ‘मेन बंद करतोय!’ म्हणजे कोणी लिफ्टमध्ये असेल तर बाहेर पडेल, कोणी खाली खड्ड्यात असेल तर सावध होईल. मी घरात मिक्सरची वायर बदलायची असली तरी ओरडतो. आमच्या मजल्यावरची मंडळी त्यावर घड्याळ लावत नाहीत एवढंच. तेव्हा सवयीने मी पॅसेजमध्ये गेलो, सवयीने मेन बंद केला आणि सवयीने परत आलो.

खोलीत विमानाचे तिन्ही पडदे काळे. पंखासुद्धा बंद. धाकटी ट्रे घेऊन उभी, आणि आता तिचा तोल खरोखर गेला होता. फोनवर आपण अजून ‘या, उतरा’ म्हणत होतात. कॅप्टनांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि म्हणाले, ‘आपण समुद्रात आहोत.’ हिचे हात तसेच सुकाणूवर, पाय पट्ट्यांवर. मग ती वळली आणि मला एकच विचारलं, ‘ओरडलात का?’

मी म्हटलं, ‘म्हणजे काय? ओरडलो की.’

तेव्हापासून अबोला. ताट समोर येतं, चहा समोर येतो, शब्द येत नाही. आदळआपट नाही, रडणं नाही, त्याचीच भीती वाटते. धाकटीने शेजारीपाजारी सांगितलं की दाजींनी जळून विमान बुडवलं. कॅप्टन दुकानात काळा चष्मा लावून बसतात. मी चाळीस मजली इमारतींच्या लिफ्टा सुरक्षित ठेवणारा माणूस, आणि माझ्या डोक्यावर आता एक आख्खं विमान. सवयीने झालं हो, बाबा! केवळ सवयीने. आईंना नमस्कार सांगावा. गुडघ्याला शेक देत जावा.

आपला आज्ञाधारक,
थोरला जावई

ता.क. आपण त्या वेळी फोनवर होतात आणि फोन खोलीत उघडाच होता. तेव्हा माझं ओरडणं आपल्या कानावर नक्की आलं असणार. हिला तसं एका ओळीने कळवाल का? आपला शब्द ती खाली पडू देत नाही.

ता.क. दुसरा. शब्द ‘मेन बंद करतोय’ असेच होते. ती खोदून विचारील. आवाज पॅसेजमधून आला असंही घालावं. यंत्र लावलं नसेल तरी लावलं होतं म्हणावं.

ता.क. तिसरा. आपल्याला खोटं बोलायला जड जात असेल तर राहू द्या. मग तिला एवढंच विचारा, की उजव्या खुर्चीतून मागे वळून तिने या सगळ्या प्रवासात स्टुलाकडे एकदा तरी पाहिलं का. (हे विचारू नका. आधीचंच बरं.) पत्र पेटीत टाकायला हिच्याकडेच देतो आहे, पेटी तिच्या वाटेवर आहे. काळजी नसावी, डिंक घट्ट लावला आहे.

तीर्थरूप बाबा, ही मी, थोरली. डिंक कच्चा निघाला. विमान ठीक आहे. कॅप्टन दर टप्प्याला गुपचूप खूण ठेवतात, तिथून पुढे सुरू करता येतं, हे धाकटीने मला शनिवारीच सांगितलं. यांना इतक्यात कळवू नका. येत्या शनिवारी पुन्हा त्याच बेटावर जायचं आहे. स्टूल मी पुढे ओढून घेतलं आहे, माझ्या खुर्चीला लागून, मेन स्विचपासून लांब. निळ्या शर्टाचं बटणही लावलं. हे ओरडले नाहीत, बाबा. मिक्सरला ओरडणारा माणूस त्या दिवशी मांजरीच्या पावलांनी गेला. माझ्यावरून यांच्या पोटात इतकं दुखू शकतं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. आणखी एक-दोन दिवस अबोला धरावा म्हणते, बरं वाटतंय. तुम्हाला यंत्राशिवाय काही ऐकू येत नाही आणि शनिवारी ते दिवसभर आईच्या शिवणाच्या डब्यात पडून होतं, हेही मला ठाऊक आहे. पण यांनी विचारलं तर ऐकू आलं होतं म्हणा.